हीट पंप, सोलर आणि थांबलेलं पाणी
(संस्थेच्या कोजागरी स्नेहमिलनात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदाने आपापल्या विषयावर बोलायचं, असं आपण ठरवलं. डॉक्टरांनी साखरेवर सांगितलं, महसूल खात्यातल्या साहेबांनी सातबारा समजावून दिला. आता माझी पाळी. मी ३० वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवलं, त्यामुळे माझ्याकडे थंड-गरमाशिवाय दुसरा विषय नाही. सचिव साहेबांनी पत्रकात ‘हिवाळ्यापूर्वी सोलर व हीट पंपाची देखभाल’ असं छापलं. ते वाचून निम्मे लोक येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण कोजागरी आहे, दूध आहे, म्हणून तुम्ही आलात. चला, माझं काम झालं.

सभागृहाच्या गच्चीवरच्या हीट पंपाबद्दल मला बोलायचं आहेच. तो तुमच्या-माझ्या वर्गणीतून बसवला आहे. पण आधी एक अमेरिकेची गोष्ट सांगतो. काही जण म्हणतील, सर मुलीकडे जाऊन आल्यापासून सारखं अमेरिका अमेरिका करून राहिले. तसं नाही. त्या गोष्टीत माझी चूक आहे, आणि ती मी आजवर कुठे जाहीरपणे सांगितली नाही.

माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. त्या बाजूला मराठी मंडळी भरपूर आहेत. त्यांच्या घरामागे पोहण्याचा हौद आहे. श्रीमंती म्हणून नव्हे, घर घेतलं तेव्हा तो होताच. हौदाचं पाणी कोमट ठेवायला बाजूला एक हीट पंप उभा आहे. दिसायला एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा, फक्त मोठा.

हीट पंप म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगतो. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा, गरम लागतं. आतली उष्णता ओढून बाहेर टाकायची, एवढंच फ्रीजचं काम. हीट पंप तेच उलटं करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि पाण्यात टाकतो. आपण मोटार लावून खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवतो. मोटार पाणी तयार करते का? नाही, चढवते. तशी ही मशीन उष्णता तयार करत नाही, चढवते. म्हणून गिझरला चार युनिट जाळून जेवढं पाणी तापतं, तेवढंच हा बऱ्या हवेत एखाद-सव्वा युनिटमध्ये तापवतो. बाहेरची हवा फार गार झाली की मात्र ओढायला उष्णताच कमी उरते आणि त्याची कमाई घटते. म्हणून पोहण्याच्या तलावाचे हीट पंप थंडीत बंद ठेवतात.

आता खरी गोम. या मशीनच्या पोटात एक जागा असते, तिथे गॅसची नळी आणि पाणी एकमेकांना खेटून असतात. पोहण्याच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने तांबं खराब होतं, म्हणून ती नळी टायटॅनियमची करतात. नळीभोवती प्लास्टिकचा जाड नळकांड्यासारखा डबा असतो आणि त्यातून हौदाचं पाणी फिरतं. मशीन बंद केली तरी त्या डब्यात पाणी राहतंच.

उत्तर अमेरिकेत, न्यू जर्सी वगैरे भागात, लोक दिवाळीच्या आधीच हौद बंद करतात. त्याला ‘पूल क्लोजिंग’ म्हणतात, आणि आपल्याकडे पोळ्यानंतर अवजारं पुसून ठेवावीत तशा निगुतीने करतात. मशीनमधलं पाणी काढतात, फुंकून वाळवतात, वर झाकण घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत हात लावत नाहीत. टेक्सासमध्ये ही पद्धत नाही. तिथे थंडी दोन-चार दिवसांचीच, म्हणून हौद बाराही महिने भरलेला. त्यावर कंपन्यांनी तोड काढली आहे. हवेचं तापमान गोठणबिंदूजवळ आलं की एक सेन्सर आपोआप पाण्याचा पंप चालू करतो. पाणी फिरत राहिलं की लवकर गोठत नाही. अगदी बरोबर तत्त्व आहे. मीच वर्गात शिकवलं असतं.

१४ फेब्रुवारी २०२१, रविवार. कोरोनाचे दिवस, त्यामुळे आमचं तिकडे जाणं नाही आणि त्यांचं इकडे येणं नाही. डॅलसमध्ये बर्फ पडायला लागला होता. आपल्याकडे १५ तारखेची सकाळ, माघी गणेश जयंती. मी सोवळ्यात, हातात दूर्वा, आणि जावईबापूंचा फोन. म्हणाले, “बाबा, फार मोठी थंडी येणार म्हणतात. त्या हीट पंपातलं पाणी काढून टाकू का? दोन नट सैल करायचे आहेत, यूट्यूबवर पाहिलं मी.”

मी काय म्हणालो? “अहो, सेन्सर आहे ना? पंप फिरतोय ना? फिरत्या पाण्याला काही होत नाही. उगाच युनियन उघडाल, रिंग फाटेल, गळती लागेल. हात लावू नका.” मास्तर बोलला, जावई गप्प बसले. मी आरतीला गेलो.

तिकडे मध्यरात्र उलटली आणि वीज गेली. टेक्सासची वीज व्यवस्था देशातल्या बाकीच्या जाळ्यापासून बरीचशी वेगळी आहे, बाहेरून फारशी वीज घेता येत नाही. थंडीने वीज केंद्रं आणि गॅसचा पुरवठा कोलमडला, मागणी वाढली, आणि अख्खी यंत्रणा बसू नये म्हणून त्यांनी आपल्यासारखं लोडशेडिंग सुरू केलं. तास-दोन तासांचं म्हणून सुरू झालेलं लोडशेडिंग कित्येक ठिकाणी तीन-तीन दिवस चाललं. ४५ लाखांच्या आसपास घरं अंधारात गेली. १६ तारखेला डॅलसचा पारा उणे १९ अंशांवर उतरला. दोनशेहून अधिक माणसं दगावली, हे त्यांच्या सरकारचेच आकडे आहेत.

मुलीचं घर आतून इतकं गार पडलं की नात तीन स्वेटर घालून गादीखाली झोपली. गादीवर नाही, गादीखाली. जावई म्हणाले, अंगणातली कोळशाची शेगडी आत घेऊ का. तेव्हा मात्र मी फोनवर ओरडलो. बंद खोलीत कोळसा पेटवला की विषारी वायू होतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. तिकडे त्या आठवड्यात अशी माणसं गेलीसुद्धा. आपल्याकडेही न्हाणीघरातला गॅस गिझर तसाच घात करतो. खिडकी बंद करून गॅस गिझरखाली कुणी आंघोळ करत असेल, तर बाकीचं भाषण नाही ऐकलं तरी चालेल, पण उद्या ती खिडकी उघडा.

हौदाकडे कोण पाहणार त्या दिवसांत? वीज नाही, म्हणजे सेन्सर नाही, पंप नाही. पाणी थांबलं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, शंभर लिटरचा बर्फ जवळपास १०९ लिटर जागा मागतो. डीप फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली विसरली की काय होतं, हे बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हीट पंपाच्या त्या डब्याला फुगायला जागाच नव्हती.

चार-पाच दिवसांनी ऊन पडलं. बर्फ वितळेपर्यंत बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. बर्फ म्हणजे बुचासारखाच, चीर झाकून ठेवतो. मग मशीनच्या बुडातून पिचकारी उडाली. डबा उभा चिरला होता. पाण्याच्या पंपाचं तोंड फुटलं होतं. टायटॅनियमची नळी एका जागी दाबली जाऊन फाटली होती, म्हणजे पाणी गॅसच्या रस्त्यात गेलं, तिथून कॉम्प्रेसरमध्ये. माझ्या धंद्यात याला इलाज नाही. कॉम्प्रेसरमध्ये पाणी गेलं की मशीन भंगारात. दुरुस्तीवाल्यांकडे एवढी रांग होती की नुसतं पाहायला यायलाच माणसाला दीड महिना लागला.

मुलगी काही बोलली नाही. जावई तर म्हणाले, “बाबा, आमचं घर वाचलं, आपण वाचलो, मशीनचं काय.” त्यांचा मोठेपणा. पण दोन नट सैल करायला दहा मिनिटं लागली असती, आणि त्यांना ते सुचलं होतं. माझं तत्त्व बरोबर होतं. मी फक्त एवढंच विचारलं नाही, की वीज गेली तर? आणि हे कोणी विचारलं नाही? बुलढाण्याच्या माणसाने! ज्याने निम्मं आयुष्य लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून काढलं त्याने. अमेरिकेत वीज जात नाही असं मी गृहीत धरलं होतं.

पुढे २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं गेलो. नवी मशीन बसली होती. मी जावयांना म्हटलं, या वेळी हे काम मी करतो. आणि ६२ व्या वर्षी पहिल्यांदा मी हीट पंप हिवाळ्यासाठी मोकळा करायला शिकलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं बाहेर आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं काम, ब्रेकर पाडायचा. मशीनवरचं बटण नव्हे, भिंतीवरचा ब्रेकर. मग पाण्याचा पंप बंद. मग बायपासचे व्हॉल्व्ह असे फिरवायचे की हौदाचं पाणी मशीनकडे न जाता बाहेरच्या बाहेर फिरेल. आता मशीनला पाणी आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन जोडण्या असतात, त्या दोन्ही युनियन हाताने सैल करायच्या. पान्याने करू नका, प्लास्टिक आहे. पाणी भसकन येतं, येऊ द्या. खाली निचऱ्याचं बूच असेल तर तेही काढा. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात आणि तिथेच फसतात. तळाशी, वळणात, वाटी-दोन वाटी पाणी राहतंच. ते काढायला पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर एका तोंडाला लावायचा, किंवा हलक्या दाबाची हवा मारायची. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर पूर्ण दाबाने मारू नका. पाण्याचा दाब पाहणारा एक छोटा स्विच असतो, त्याच्या बारीक नळीतलं पाणीही मोकळं करायचं. आमच्या जुन्या मशीनचा तो स्विचही फुटला होता.

मोटारीत घालतात तो हिरवा कूलंट त्यात ओतू नका. ते विष आहे, आणि पोरं त्याच हौदात उतरतात. हौदासाठी वेगळा, बिनविषारी मिळतो. पण मशीन कोरडी झाली तर त्याची गरजच पडत नाही.

शेवटी झाकण. आपला स्वभाव असा, की वस्तू जपायची म्हणजे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची. दिवाणखान्यातल्या रिमोटलासुद्धा आपण प्लास्टिक घालतो. मशीनला तसं केलं की आत दमट हवा कोंडते, पत्र्याला गंज धरतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं. झाकण फक्त डोक्यावर, बाजू मोकळ्या. मोकळ्या केलेल्या पाइपांच्या तोंडांना मात्र जाळी किंवा टोपी, नाहीतर कुंभारीण आत घर करते.

हे सगळं मी एका कागदावर मराठीत लिहिलं, लॅमिनेट केलं आणि त्यांच्या गॅरेजमध्ये ब्रेकरशेजारी लावलं. वर मोठ्या अक्षरात: ‘थंडीत वीज गेली की आधी हे.’ तिकडे येणारे मराठी मित्र त्याचा फोटो काढून नेतात, असं जावई सांगतात.

परत आल्यावर एक दिवस येळगाव धरणावर फिरायला गेलो होतो. पैनगंगेवरचं आपलं धरण, आपण सगळे त्याचंच पाणी पितो. त्याचे स्वयंचलित गोडबोले दरवाजे तुम्ही पाहिलेच आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो, पाणी उतरलं की आपला आपण मिटतो. वीज नाही, सेन्सर नाही, बटण दाबायला माणूस नाही. मी पोरांना किती वेळा तिथे सहलीला नेलं, पण तो दरवाजा माझ्या डोक्यात कधी नीट बसला नव्हता. त्या दिवशी बसला. जे संकट विजेबरोबरच येतं, त्यावरचा उपाय विजेवर चालून कसा भागेल?

आता सभागृहाच्या गच्चीवर या.

बुलढाणा डोंगरावर आहे, राजूर घाट चढून आलं की हवा बदलते, पण आपल्याकडे नळात बर्फ होत नाही. मग आपल्या हीट पंपाला भीती कशाची? त्यांचं मशीन हिवाळ्यात झोपतं, आपलं चातुर्मासात. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत, सभागृहाचं बुकिंग नाही, वऱ्हाडी नाहीत, गरम पाणी कुणाला नको. चार महिने मशीन बंद, आणि त्या चार महिन्यांत टाकीत आणि नळीत बोअरचं जड पाणी जसंच्या तसं उभं. क्षार आधीच आतून चिकटलेले, त्याखाली गाळ बसतो, आणि उभ्या पाण्यात त्या गाळाखाली स्टीलच्या पत्र्यालासुद्धा टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. बर्फ एका रात्रीत फोडतो, हे दोन-तीन वर्षं घेतं. म्हणून लक्षात येत नाही.

मागच्या आठवड्यात मी आणि आपले वॉचमन दोघांनी टाकीचा खालचा कॉक उघडला. पहिल्या दोन बादल्या चहासारख्या. तिसऱ्या बादलीत खडूचा चुरा पडावा तसे क्षाराचे पापुद्रे. मी ती बादली ठेवली आहे, दूध प्यायल्यावर पाहून घ्या. आधी नको. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, गंज टाकीला न लागता तिला लागावा म्हणून मुद्दाम बसवलेली. ती बोटाएवढी जाड होती, आता सुतळीएवढी उरली आहे. ती संपली की गंजाची पाळी टाकीची. कांडी काही शेकड्यांत येते, टाकी किती हजारांत आली हे खजिनदारांना विचारा. ज्यांनी मशीन विकली त्यांनी ही कांडी असते हेच आपल्याला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. समितीत मी होतो.

तर यापुढे आषाढीच्या आठवड्यात टाकी रिकामी करायची, धुवायची, कॉक उघडा ठेवायचा आणि ब्रेकर पाडून त्यावर चिठ्ठी लावायची: ‘पाणी नाही, चालू करू नये.’ चिठ्ठी विसरू नका. कोरडी मशीन कुणी चालू केली तर आपण वाचवलेलं सगळं त्या पाच मिनिटांत जाईल. तुळशीच्या लग्नाआधी पाणी भरायचं, वरच्या नळातून हवा निघून अखंड धार येऊ द्यायची, आणि मगच ब्रेकर. बाहेरच्या पत्र्यांवरची धूळ साध्या पाण्याने, हलक्या हाताने धुवायची. गाडी धुवायच्या प्रेशरने मारलं की पत्र्या झोपतात आणि हवाच जात नाही.

आणि तुमच्या घरावरच्या सोलरचं. काचेच्या नळ्यांचं सोलर आपल्यापैकी बहुतेकांकडे आहे. त्याचा काळ हिवाळा नाही, उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. वरची टाकी संपते, सोलर कोरडं पडतं, नळ्या उन्हात तव्यासारख्या तापतात. मग एके दिवशी भर दुपारी एक वाजता नळ येतो, आपण आनंदाने मोटार लावतो आणि गार पाणी तापल्या काचेत शिरतं. फट्. यंदाच्या मे महिन्यात आपल्या कॉलनीत तीन घरी असं झालं, एका घरी तर अकरा नळ्या गेल्या. त्यांना वाटलं माल हलका होता. माल चांगला होता. डॅलसला पाणी थांबलं आणि बर्फाने फोडलं, इथे पाणी संपलं आणि पाणी आल्यावर फुटलं. सोलर कोरडं पडलं असेल तर दुपारी त्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, पाणी टाकीतच राहू द्या, आणि सोलरमध्ये दिवस मावळून काच गार झाल्यावर किंवा पहाटे सोडा. सुट्टीत गावाला जाताना नळ्यांवर जुनी चादर किंवा गोणपाट बांधून जा. आमच्या घरी हे काम सौ. करतात, मी नुसतं भाषण करतो.

क्षार काढायला कुणी ॲसिडची बाटली घेऊन दारात आला, तर आधी मला हाक मारा. तीव्र ॲसिडने क्षार जातो, त्याबरोबर टाकीही जाते.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मी सभागृहाच्या गच्चीवर असेन. टाकी पूर्ण उघडणार आहे, नवी कांडी आणली आहे. ज्यांना हाताने करून पाहायचं आहे त्यांनी यावं, दहावीच्या वरच्या पोरापोरींना जरूर पाठवा. एक पाना, एक बादली आणि जुना टॉवेल घेऊन या. आणि ज्यांची मुलं बाहेर हौदाच्या घरात राहतात त्यांनी तो लॅमिनेटचा कागद सचिव साहेबांकडून मागून घ्या, मी पंचवीस प्रती काढून दिल्या आहेत.

सचिव साहेब मागून खूण करून राहिले, दूध तयार आहे.